तांबोळी सरांचा चिठ्ठ्यांचा डबा

आमच्या गुरगावच्या ऑफिसात आगीची तालीम झाली ती बारा वाजता. तांबोळी सरांना ती कळली साडेचारला. आमचं सगळ्यांचं खाली जाऊन, परत येऊन, जेवूनसुद्धा झालं होतं. साडेचारला सर उठले, पाण्याची बाटली घेतली आणि शिस्तीत जिना उतरून खाली उभे राहिले. एकटेच.

चूक माझीच होती म्हणा. मी निघताना त्यांच्या टेबलावरच्या डब्यात चिठ्ठी टाकली होती. कारण सरांचा नियम असा की त्यांना हाक मारायची नाही, फोन करायचा नाही. चिठ्ठी लिहायची. कोणाचं काम आणि काय, एवढंच. डबा उघडणार साडेचारला. "एकेकासाठी उठलो तर काम कधी करू? एकगठ्ठा, यार, एकगठ्ठा." मूळचे कराडचे, पण बावीस वर्षं दिल्लीत काढल्यावर तोंडात यार बसणारच.

आमचं कामही तसलंच. खऱ्या कम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरनं दुसरा खोटा कम्प्युटर उभा करायचा. नेटवर्क कार्ड, डिस्क ही मंडळी त्याला सारखी 'काम आलंय' म्हणून निरोप धाडतात. कुठला निरोप कुठे पोचवायचा याची एक यादी असते. आमचं सॉफ्टवेअर इतकं बावळट, की यादीत एक ओळ वाढली तरी अख्खी यादी पहिल्यापासून मांडायचं. ओळी शेकड्यानं. ते खोटं मशीन सुरू होईपर्यंत माणूस चहा पिऊन यावा.

आणि पुढे एके दिवशी चार वाजता तेच मशीन ग्राहकाला दाखवायचं होतं. जमलं नाही तर आठ जणांची टीम मोडणार, हे मॅनेजरनं साफ सांगितलेलं. सर त्या दिवशी घरून काम करत होते. फोन अर्थातच बंद. मी सरळ मेट्रो पकडून त्यांच्या फरीदाबादच्या घरी धडकले. दारावर बेल नाही, डबा. मी चिठ्ठीबिठ्ठी काही लिहिली नाही, दार ढकलून आत शिरले.

सर रागावले नाहीत, उलट लहान मुलासारखे उसळले. "अगं वैशाली, सापडलं बघ! ओळी नुसत्या भरत जायच्या. यादी मांडायची शेवटी, एकदाच."

एकगठ्ठा! मला नाचावंसं वाटलं. टीमला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. पावणेचार झाले होते. आता फक्त चालवून बघायचं.

तेवढ्यात आतून म्हातारा आवाज आला, "सलीम, शाळेतून आलास का रे?"

सर उठले. आतून ऐकू आलं, "आलो अम्मी. दप्तर ठेवलं. हातपाय धुतले." परत येऊन बसले, बोट कीबोर्डवर ठेवलं, की पुन्हा तीच हाक. पुन्हा उठले. असं तीनदा झालं. फोनवर बाकीचे सहा जण आणि मॅनेजर ताटकळलेले, घड्याळ पळतंय, आणि मी मुळात तोंडाळ.

"सर, आम्हाला चिठ्ठ्या आणि अम्मींना डबा नाही? एकच तर प्रश्न आहे. साडेचारला एकदम सांगा ना."

 सर हळू आवाजात म्हणाले, "काल दिवसभर मला 'तुम्ही कोण' म्हणून विचारत होती. आज सलीम म्हणतेय. हे गोळा करून ठेवता येत नाही गं."

 मला स्वतःची लाज वाटली.

सरांनी बटण दाबलं. मशीन डोळ्याची पापणी लवायच्या आत उभं राहिलं. फोनवर एकच गलका झाला, कोणी टेबल बडवलं, मॅनेजर चक्क शिट्टी वाजवत होता. मीही ओरडत होते. "सर, वाचलो आपण," म्हणत वळले तर खुर्ची रिकामी.

हाक मला ऐकूसुद्धा आली नव्हती. आतून तेवढा सरांचा आवाज येत होता, "हो अम्मी. आत्ताच आलो."