एक टार्गेट डावीकडे

प्रशिक्षकसाहेब, तुमचा फोन वाजला म्हणून माझी खोली गेली! हा आरोप मी उघडपणे, पूर्ण शुद्धीत आणि इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून करतो आहे. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्यामुळे अक्षर हललं असेल. आरोप हलणार नाही!

वाचकहो, तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगतो, म्हणजे साहेबांना पळायला जागा उरणार नाही.

मी पंपांच्या सुट्या भागांच्या गोदामात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात लेखक असतो. मला लिहायला कोणी शिकवलेलं नाही, त्यामुळे मला थांबवायचं कसं हेही कोणाला माहीत नाही. आमच्या घरात एक खोली जास्तीची आहे. तिथे टेबल टाकायचं, दार लावायचं आणि लिहायचं, एवढंच माझं स्वप्न होतं. तेवढ्यात सासरे कायमचे आमच्याकडे राहायला आले. जन्मभर वजनकाटे दुरुस्त केलेला माणूस. काम सोडल्यावर रेडिओंच्या मागे लागलेला. येताना कपड्यांची एक पिशवी आणली आणि टेम्पोभर बंद रेडिओ! सोफ्यावर टेकलं की खालून कोणीतरी खरखरायचं.

"बाबा, ती खोली माझ्या लेखनासाठी आहे," मी स्पष्ट सांगितलं.

"लिहा की, जावईबापू. माझे रेडिओ कुठे वाचायला मागतायत?"

बायको शाळेत शिकवते. सातवीच्या वर्गाला नुसत्या भुवईने गप्प बसवते, पण आमच्यापुढे तीही टेकीला आली. तिने खोलीला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि निकाल दिला.

"क्रीडासंकुलात तिरंदाजीचा नवशिक्यांचा वर्ग सुरू होतोय. दोघांची नावं घातलीत. बाबांचा खांदा मोकळा होईल आणि तुमचं डोकं. शेवटी परीक्षा असते. ज्याचे गुण जास्त, खोली त्याची. नंतर दुसऱ्याने ब्रसुद्धा काढायचा नाही!"

मी तिथेच जिंकलो! गोदामात बसल्या जागेवरून कचऱ्याच्या टोपलीत कागदाचा बोळा टाकण्यात माझा हात कोणी धरत नाही. उलट सासऱ्यांचा उजवा खांदा गंजलेल्या बिजागरीसारखा. मी मनातल्या मनात खोलीला पडदेसुद्धा लावले.

"खोली मिळाली की पहिली कथा तुझ्या माहेरावर!" मी बायकोला ऐकवलं. "एकेकाला धरून सोलणार!"

ती हसली. ते हसू मी जरा नीट बघायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी मी सहज म्हणून बंद खोलीच्या कुलपाच्या भोकातून आत डोकावत होतो. मागून सासरे म्हणाले, "काय दिसतंय, जावईबापू?"

"टेबल. माझं."

"डावा डोळा लावलात ना, म्हणून. उजव्याने बघा, रेडिओ दिसतील!"

मी दुर्लक्ष केलं. माणूस आहे, बोलतो.

आता साहेब, तुमचा पहिला दिवस आठवा. तुम्ही आम्हाला ओळीत उभं केलंत आणि म्हणालात, "दोन डोळ्यांमधला एक मालक असतो आणि एक नोकर. मालक कोण ते आधी शोधायचं. दोन्ही हात पुढे करा, पंजांमध्ये छोटं भोक धरा आणि त्यातून माझ्या नाकाकडे बघा. ज्या डोळ्याने बघाल, तो मालक." मग एकेकासमोर जाऊन सांगत सुटलात, "तुमचा उजवा. ताई, तुमचाही उजवा. बाबा, तुमचा उजवा." माझ्यासमोर आलात. मी चष्मा सावरून, हात ताणून, भोक धरून, तुमच्या नाकावर डोळा रोखून सज्ज! आणि तुमचा फोन वाजला!

"हां, बोला!" म्हणत तुम्ही जे गेलात ते पार पाण्याच्या टाकीपर्यंत. परत आलात ते, "झालं ना सगळ्यांचं? चला, धनुष्यं घ्या!"

माझ्या डोक्यात मालक कोण, हे कोणी सांगितलंच नाही. मी जेवतो उजव्या हाताने, लिहितो उजव्या हाताने. सगळ्यांसारखंच धनुष्य उचललं.

पहिला बाण सोडला आणि दोरीने डाव्या हाताला अशी सणसणीत लगावली, की पुढचे काही दिवस तिथे पिकल्या जांभळाचा रंग होता! गोदामातला हिशेबनीस ते वळ बघून हळूच म्हणाला, "वहिनी रागीट आहेत का हो?"

"तिरंदाजी शिकतोय!"

"असू दे, असू दे. आमच्याकडेही असंच असतं."

मैदानावर माझ्या डावीकडे सासरे उभे राहायचे आणि उजवीकडे बेकरीवाल्या ताई. प्रत्येकासमोर गवताची जाड गादी आणि तिच्यावर रंगीत वर्तुळांचा कागद. मध्ये पिवळा, तो सोन्याहून मोलाचा. बाण संकुलाचे, सगळे एकाच नारिंगी पिसांचे. शिट्टी झाली की सगळ्यांनी मारायचे, दुसरी शिट्टी झाली की सगळ्यांनी जाऊन आणायचे.

पहिल्यांदा आणायला गेलो तर माझं टार्गेट कोरं! नुकत्याच पुसलेल्या फळ्यासारखं! आणि सासऱ्यांच्या पिवळ्यात बाणांचा गुच्छ!

"बाबा, या वयात?" तुम्ही ओरडलात, साहेब. टाळ्यासुद्धा वाजवल्यात.

"काटा मधोमध आणायची सवय हो," सासरे लाजत म्हणाले. लाजताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"आणि तुमचे?" तुम्ही मला विचारलंत. मग स्वतःच अलीकडच्या गवतात लोळणाऱ्या बाणांकडे बोट दाखवलंत. "हे बघा, अर्ध्या वाटेत बसलेत. जोर लावा, जोर!"

मी जोर लावला. रोज लावला. जेवढा मी जोर लावावा, तेवढे सासरे चमकावेत! घरी ते रेडिओ पुसून खोलीच्या दाराबाहेर ओळीने मांडू लागले, दवाखान्याबाहेरच्या पेशंटसारखे.

मग एक दिवस त्यांचा खांदा धरला आणि ते घरी राहिले. मी एकटाच गेलो. शिट्टी, बाण, शिट्टी. जाऊन बघतो तर माझं टार्गेट नेहमीसारखं कोरं. पण गवतातही काही नाही! आणि डावीकडच्या टार्गेटमध्ये, ज्याच्यासमोर सकाळपासून काळं कुत्रं फिरकलं नव्हतं, पिवळ्यात सगळे बाण!

वाचकहो, मी त्या गादीला मिठी मारली! ते बाण माझे होते! पहिल्या दिवसापासून माझेच! आणि गवतात लोळायचे ते सासऱ्यांचे! तुम्ही हे बघितलं असतंत, साहेब, पण तुम्ही टाकीपाशी होतात. फोनवर.

मी निष्कर्ष काढला: धनुष्यच तिरकं आहे, बरोबर एक टार्गेट डावीकडे जातं. ठीक आहे! बोंब मारायची नाही. परीक्षेत उजवीकडच्या टार्गेटवर नेम धरायचा, बाण आपोआप माझ्यात! आणि सासरे बसतील मोकळं गवत मोजत!

परीक्षेच्या आदल्या रात्री जेवताना मी ही योजना बायकोला सांगितली. तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे उद्या तुम्ही मुद्दाम दुसऱ्याच्या टार्गेटवर मारणार?"

"बरोब्बर!"

बाहेरच्या खोलीत सासऱ्यांचा चालू झालेला एकुलता रेडिओ एकदम बंद झाला. मला वाटलं, बिघडला.

परीक्षेच्या सकाळी सासरे बेकरीवाल्या ताईंना म्हणत होते, "ताई, माझ्या जागेवर डोळ्यांवर ऊन येतं. म्हातारा माणूस मी. अदलाबदल करता?" ताई भल्या. सासरे डावीकडून माझ्या उजवीकडे आले. मी पोटात हसलो. फुकटचे बाण मिळायची जागा स्वतःच्या हाताने सोडली बिचाऱ्याने!

तेवढ्यात तुमचा फोन वाजला. तुम्ही टाकीपाशी गेलात, माझ्याकडे बघत "हो का? हो का?" केलंत, आणि हसलात. मी सहज मागे वळलो. छपराखाली सासरे फोन कानाला लावून उभे. पलीकडे बाकावर, परीक्षा बघायला आलेली बायकोही फोन कानाला लावून बसलेली. दोघांनीही माझ्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला. भोळा माणूस!

तुम्ही आलात ते थेट म्हणालात, "चष्मा द्या." आणि डाव्या काचेवर पांढरी चिकटपट्टी लावलीत!

"हे काय, साहेब?"

"तुमचा डावा डोळा फार पुढेपुढे करतो. आता उजव्याने बघा. मारा बिनधास्त!"

आता सांगा, मी काय समजायचं? मला वाटलं परीक्षेचा नियम असेल. माझी योजना पक्की होती. डोळा झाकला काय, उघडा काय, तिरकं तर धनुष्य होतं ना!

शिट्टी झाली. मी उजवीकडच्या टार्गेटवर नेम धरला, श्वास रोखला आणि सोडला. मग दुसरा. मग पुढचे सगळे. असे सुटले बाण, वाचकहो, जन्मात कधी सुटले नव्हते! माझ्या शेजारी सासरे खोकत होते आणि त्यांचे बाण एकेक करून समोरच्या गवतात शांतपणे आडवे होत होते.

दुसरी शिट्टी. आम्ही गेलो. माझं टार्गेट कोरं.

सासऱ्यांच्या पिवळ्यात मुंगी शिरायला जागा नव्हती!

"ते माझे आहेत!" मी किंचाळलो. "मी त्यांच्याच टार्गेटवर नेम धरला होता!"

तुम्ही सावकाश विचारलंत, "तुम्ही मुद्दाम दुसऱ्याच्या टार्गेटवर मारलेत?"

"हो! म्हणजे नाही! म्हणजे मारले तिथे, पण लागायला हवे होते इथे!"

"ताई," तुम्ही बेकरीवाल्या ताईंना म्हणालात, "यांना जरा पाणी द्या."

सासऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दुखरा हात, पण किती हलका उचलला! "जावईबापू, मन लहान करू नका. मारले असतील त्यांनीच, साहेब. आमच्यावर जीवच आहे त्यांचा."

लोकांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मोठ्या मनाचा माणूस म्हणे!

आता खोलीत रेडिओ आहेत. चालू होऊ लागलेत, एकदम सगळे. मी इथे दोन खोल्यांमधल्या बोळात, इस्त्रीच्या टेबलावर. बायकोला साड्यांना इस्त्री करायची असली की परिच्छेद अर्धा सोडून उठतो. चष्म्यावरची पट्टी अजून काढलेली नाही. ती असली की ओळ सरळ येते, हे मान्य करावं लागेल.

पण साहेब, माझा प्रश्न पट्टीचा नाहीच. धनुष्य सरळच होतं; माझा डावा डोळा मालक आहे आणि म्हणून बाण डावीकडे जायचे, हे तुम्ही शोधलं नाहीत. तुम्हाला त्या सकाळी फोनवर सांगितलं गेलं. कोणी? सासऱ्यांनी सांगितलं असेल तर मी समजून घेईन. खोलीसाठी लढणारा माणूस आहे, मीही तोच आहे. पण तो फोन बाकावरून आला असेल तर मला कळलंच पाहिजे, कारण माहेरावरची कथा लिहून तयार आहे आणि ती छापायला पाठवायची की नाही, हे त्यावर ठरणार आहे.

तो फोन कोणाचा होता? उत्तर द्या! समोर उभं राहून द्या, गोदामात येऊन द्या. फक्त घरी फोन करू नका, साहेब. आमच्याकडे फोन तीच उचलते!