वारसा विषयातील एक जिवंत अडचण

माणूस जिवंत असेपर्यंत त्याला वारसा म्हणता येत नाही, ही या विषयातली मोठी तांत्रिक अडचण आहे. मृतांचं तसं नसतं. ते रांगेत असतात, वेळेवर हजर असतात आणि मध्येच पाणी प्यायला जात नाहीत.

म्हणून ‘युद्धकैदी आणि आपला वारसा’ या शालेय उपक्रमासाठी इतिहासाच्या बाईंनी गावाबाहेरची लष्करी दफनभूमी निवडली. प्रत्येक विद्यार्थ्याला एक कबर दत्तक मिळाली. (अदलाबदल बंद होती, तरी दोघांनी वशिल्याने सावलीतली मिळवली.) शिवाय मुख्याध्यापकांना एक खराखुरा युद्धकैदी हवा होता. तो बाईंच्या घरातच होता. त्यांच्या सासऱ्यांनी तरुणपणी दोन वर्षं शत्रूच्या छावणीत काढली होती. घरी ते त्यावर बोलू लागले, की नव्वद टक्के श्रोत्यांना गॅसवर दूध ठेवल्याचं आठवे. उरलेले दहा टक्के म्हणजे मांजर.

“बाबा, मुलांना झेपेल असंच सांगा हं. उपासमारीचं वगैरे नको,” बाईंनी बसमध्ये बजावलं.

“मग दुसरं काय होतं तिथे?”

सुदैवाने प्रश्न परस्पर मिटला. फाटकावर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती, आणि मुख्याध्यापक पाट्या पाळणारे गृहस्थ. सासऱ्यांना मानाने खुर्ची देऊन गप्प बसवण्यात आलं. मुलांनी निरीक्षण नोंदवलं : उंची मध्यम, दात नाहीत.

एक मुलगी मात्र त्यांच्या कानाशी लागली. “आजोबा, तिथे भीती वाटायची?”

“शेजारचा गडी फार घोरायचा गं. आम्ही वैतागायचो. एका रात्री घोरलाच नाही. तेव्हापासून मला शांततेत झोप लागत नाही.”

मागे उभ्या बाईंनी ते ऐकलं. घरी सासरे रेडिओ लावून झोपत. बाई रोज उठून तो बंद करत, आणि सकाळी वर ऐकवत. त्या गवतातच बसल्या.

“काय नाव होतं त्यांचं, बाबा?”

“शूऽऽ!” मुख्याध्यापक म्हणाले.

“सर, तुम्ही जरा गप्प बसता का?” बाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की मुलं आपापल्या कबरी सोडून भोवती जमली. बसवाला हॉर्न वाजवून थकला, तरी सासरे बोलत होते, उपासमारीसकट.

शाळेच्या शिस्तीला हे शोभलं नाही. वाचकांनी मात्र त्यातून भलताच बोध घेऊ नये. पलीकडच्या खोलीतून मघापासून तुम्हाला कोणीतरी हाक मारतंय, ते ऐकू येतंय. पण एवढी गोष्ट वाचून होऊ द्या. ते माणूस काही आजच कुठे जात नाही.