दुसरी ओळ

'उजेड आला दारी' ही पहिली ओळ आनंदरावांना कधीच सुचली होती. दुसरी येईना. जयंती तोंडावर आली होती आणि गाण्याची तालीम त्यांच्याच घरी, आज संध्याकाळीच ठरली होती.

आदल्या रविवारी नंदनवन वस्तीच्या वाचनालयात एका डॉक्टरांनी व्याख्यान दिलं होतं. डोक्याचा एक भाग भटकतो, दुसरा त्याची राखण करतो. दोघांचं जमलं की नवं सुचतं. म्हणून हात हलक्या कामात गुंतवा आणि मन मोकळं सोडा.

"मले हलकं काम सांग वं," आनंदराव बायकोला म्हणाले.

सिंधूताईंनी तत्काळ गव्हाचा डबा पुढे केला. "दळून आना जी. गाणारी पोरं जेवाले येतीन, घरात चिमूटभर पीठ नाही."

चक्कीवर गर्दी होती. "तूच वत गा भाऊ," चंपतराव चक्कीवाला म्हणाला. आनंदरावांनी ओतायला डबा उचलला आणि तेवढ्यात ओळ आली: 'काहून निजली दुनिया सारी!' भटक्या आणि राखणदार दोघेही तिला भेटायला धावले. गव्हाकडे पाहायला डोक्यात कोणी उरलंच नाही, आणि गहू गेला शेजारच्या मिरचीच्या चक्कीत.

लाल धुरळा उठला. गिऱ्हाइकं शिंकत रस्त्यावर पळाली.

"काय केलं गा हे?" चंपतराव ओरडला.

"ओळ सुचली ना भाऊ!"

"अन् मले डोये उघडून नाही राह्यले!"

घरी सिंधूताईंनी डबा उघडला आणि त्याही शिंकल्या. "हे काय आनलं जी?"

"दुसरी ओळ!"

"अन् पीठ?"

"थेच."

ओवा, मीठ, कोथिंबीर घालून सिंधूताईंनी ते लाल पीठ मळलं आणि पुऱ्या तळल्या. नाकडोळे पुसत गाणारी मंडळी खात सुटली. आनंदरावांनी ओळ म्हणून दाखवली.

"वा! काय चीज आहे!" मुख्य गायक देवराव डोळे मिटून म्हणाला.

"बस, सुचली," आनंदराव लाजले.

"वहिनी, अजून दोन द्या!"

जयंतीला गाणं झालं. लोकांनी ऐकलं आणि घरी गेले.

पुढच्या आठवड्यात आनंदराव भीतभीतच चक्कीवर गेले. मिरचीच्या चक्कीपुढे गव्हाच्या डब्यांची रांग होती. चंपतरावाने त्यांना बसायला स्वतःचं स्टूल दिलं.

"लोक आनंदरावाचं पीठ मांगून राह्यले गा. गव्हात मिरची किती होती, थे तेवढं सांग."

आनंदरावांनी रांगेकडे पाहिलं. इतकी माणसं त्यांच्या तोंडाकडे आजवर कधी पाहत राहिली नव्हती.

"तसं सांगता येत नाही भाऊ," ते गंभीरपणे म्हणाले. "थे सुचा लागते."