वेशीवरील हाक

वेशीची माउली साक्ष. शके सोळाशें एकसष्ट, सिद्धार्थी नाम संवत्सर, कार्तिक मास. राज्य कोणतें हें पुसों नये. राजे थोर, फौज अफाट, आणि कुरणांत गवत कापावयास गेलेली बाई घरीं परतेल याची हमी मात्र कोणी देत नव्हतें. धुरपदाबाई नामें एक विधवा, तिची लेक इठा मागले सालीं त्याच कुरणांतून नाहींशी जाहली. मग बाई चावडीस गेली, आणि कुरणाचे हवालदार शिदोजीराव यांणीं पान चघळीत सांगितलें कीं पोर कोणाचा हात धरोन पळाली, आणि चावडीनें मान डोलाविली. कुंपणच शेत खातें तेथें दाद कोणाकडे मागावी? मग बाईनें रडणें आवरिलें, घरोघर हिंडली आणि बायका जमवोन नेम बांधिला, कीं कुरणांत एकटीनें जाऊं नये, विळा हातचा सोडूं नये, आणि दिवस मावळतां वेशीपाशीं धुरपदेनें एकेकीचें नांव हाकारावें, तिनें ओ द्यावी, सगळ्यांची ओ आल्याविना कोणीं घर गांठूं नये. पुरुषमंडळी थट्टा करीत कीं बायकांनीं पलटण उभारिली, आतां गड घेतील. घेतला असता तर बरेंच जाहलें असतें, असें आमचें मत.

एके सांजेस हाका देतां देतां सवयीनें धुरपदेचे तोंडून लेकीचें नांव निघोन गेलें. बायका चपापल्या, आणि कोणी सांवरून घ्यावें तों वेशीसमोरील हवालदाराचे चौकीकडून, नव्या बांधिल्या ओट्याखालून, बारीक ओ आली. अंगावर कांटा उभा राहिला, कुत्रीं शेपूट घालोन गप्प जाहलीं. मग रोज हाक जावी आणि रोज ओ यावी. बायका म्हणों लागल्या, ओटा खणूं. धुरपदा आडवी जाहली.

"खणलं की तिची माती करावी लागंल, बायांनो. मग मला ओ कोण देईल?"

दिवसभर राबावें आणि सांजेस लेकीचा आवाज ऐकावा, एवढें तिला पुरे होतें. आईचें काळीज, त्यास काय बोल लावावा! मग एके दिवशीं न्हाव्याची गोजरा विसरला भारा आणावयास माघारीं फिरली आणि हाकेस तिची ओ येईना. बायका विळे घेवोन धांवल्या, तों चौकीआड शिदोजीराव पोरीचें मनगट धरोन उभे. विळे पाहोन हात सुटला, आणि हंसोन म्हणाले, गवत चोरीत होती. पोर धुरपदेस बिलगली. तिनें धुरपदेचे कानीं सांगितलें, "मावशी, ओट्याखालनं कुणी तरी म्हनत हुतं, पळ, पळ."

धुरपदेनें ओट्यास हात लाविला. आपण लेकीस आपल्यापुरती धरोन ठेविली, आणि लेक मातीखालून दुसऱ्याची पोर राखीत होती, हें तिला उमगलें आणि तिची तिला लाज वाटली. मग बायकांकडे वळोन म्हणाली, "खणा."

ओटा फोडिला, हाडें निघालीं, हाडांत इठेची हिरवी कांचेची बांगडी निघाली. हवालदार पळों लागले, तों बायकांनीं कडें करोन धरिले आणि दरबारीं उभे केले. तेथें शिदोजीराव एवढेंच बोलिले, कीं मला ती ओ रोज ऐकूं येत होती. राजेसाहेबीं मान खालीं घातली आणि बेडी ठोकविली.

इठेची माती जाहली. त्या सांजेस धुरपदेनें सगळ्यांचीं नांवें हाकारिलीं, आणि शेवटीं इठेचें. बहुत वेळ थांबली. कुरणांत गवत हालत होतें, ओ आली नाहीं. मग पदरानें तोंड पुसोन म्हणाली, "चला, सगळ्या आल्या."

येणेंप्रमाणें कुरणाची वाट निर्धोक जाहली. हाकेचा नेम अद्याप चालतो, आणि धुरपदाबाई हयात होती तोंवर इठेचें नांव तिनें एक दिवस गाळिलें नाहीं.