तब्येत जरा नरम आहे

तुळशीरामभाऊंच्या मते आमच्या गावात आजवर एकही माणूस मेलेला नाही. कुणी 'गावाले गेला', कुणी 'मोकळा झाला', आणि नव्वदीची सखुबाई तर नुसती 'जरा पडली' होती. तिची तेरवी जेवून हात पुसतानाही भाऊ हेच म्हणाले.

जंगलात शिरलं की वाघाचं नाव घ्यायचं नाही, 'तो' म्हणायचं, हे आमच्याकडं सगळेच पाळतात. माझ्या या शेजाऱ्यानं तो नियम उचलला आणि अख्ख्या जगाला लावला. वीज गेली की 'लाईन आराम करून राह्यली'. माझा पोरगा दहावीत नापास झाला, तर हे पेढे घेऊन दारात. "पोट्ट्याचा शाळेतला मुक्काम वाढला म्हन्ते." निवडणुकीत पडलेल्या सरपंचाला भर चौकात म्हणाले, "लोकायले तुमची दया आली जी. लय थकले होते तुमी." सरपंच पुढे दोन महिने आमच्या गल्लीतून गेला नाही.

सरकारी भाषेवर तर त्यांचा जीव. बसस्टँडवर 'अपरिहार्य कारणास्तव फेरी रद्द' अशी पाटी लागली की बाकीचे शिव्या देतात, हे कौतुकानं दोनदा वाचतात. "डायवर आला नाई, हे किती गोड सांगतलं पाय. शिक काही."

म्हणूनच गावात कुणाचं बरंवाईट झालं की बाहेरगावच्या नातेवाइकांना फोन करायचं काम भाऊंचं. असली बातमी फोनवर सरळ कुणी सांगत नाही. माणूस एकटा गाडीवर निघतो, वाटेत त्याचं काही व्हायला नको. भाऊ घसा साफ करत आणि म्हणत, "तब्येत जरा नरम हाये. येऊन जा." पलीकडचा काय ते समजून रडत निघे. एकदा तर त्यांनी दिलासा म्हणून जोडलं होतं, "घाई नोको करू, जेवून निघ."

यंदा भाऊंच्या बायकोला, वच्छलाबाईंना, पित्ताशयात खडे निघाले. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात दाखल केलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. त्याआधी नागपूरच्या लेकीला, मंदाला, बोलवायचं होतं. मी डबा घेऊन पोचलो तेव्हा भाऊ आईच्या मांडीवरून उतरवलेल्या लेकरासारखे खाटेशेजारी बसले होते. हातात फोन, कपाळावर घाम.

"लावा ना भाऊ."

"काय सांगू? 'नरम हाये' म्हटलं त पोरगी तिथीच पडन. 'जरा जास्त हाये' म्हटलं त जावई चार मानसं घेऊन येइन. सारे शब्द मेलेल्यायले वाटून बसलो मी."

मेलेल्यायले. पंचवीस वर्षांच्या शेजारात हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

"मग मी बोलतो."

"नोको रे बाबा. तुहा आवाज आयकला त तिले वाटन, बापही गेला."

खाटेवरून वच्छलाबाई म्हणाल्या, "पयले माय जिती हाये म्हना. बाकीचं मंग सांगा."

भाऊंनी नंबर लावला. मंदा "हं बाबा" म्हणाली आणि यांचा घसा काही साफ होईना. मग एका दमात सगळं आलं. "माय जिती हाये. पोटात खडे हायेत, उद्या कापनार हायेत. डाक्टर म्हन्ते, घाबराचं काम नाई. पन मी भेलो बाई. मले एकट्याले इथी बसवत नाई. तू ये."

वच्छलाबाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

"दुपारची गाडी सापडते बाबा," मंदा म्हणाली. "निघालीच. ठेवा आता."

भाऊंनी ठेवला नाही. घाईत तिनंही बंद केला नसावा. ते कानाला फोन लावून हलता हलेनात. मी खुणेनंच विचारलं, काय झालं?

त्यांनी फोनवर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "कपडे भरून राह्यली."