सिंहासनाखालची भेग

एका जंगलात, बाळांनो, प्राण्यांपेक्षा धूर जास्त झाला होता.

हा धूर झिपरेशेठ नावाच्या अस्वलाचा. म्हणजे त्याच्या मधपाकाच्या कारखान्याचा. मधपाक सगळ्यांना आवडायचा. धूर कुणालाच नाही. सुगरणीची पिल्लं तर चिवचिवायची सोडून खोकायलाच लागली होती.

सिंह महाराजांनी फर्मान काढलं, "धूर जमिनीत पुरा!"

"पण तो तिथं राहील का?" साळूबाईंनी विचारलं. साळूबाई म्हणजे अरण्य विद्यापीठात खडक शिकवणारी साळिंदर. "खाली धूर पिऊन घेणारा स्पंजासारखा खडक हवा. त्याच्यावर घट्ट खडकाचं झाकण हवं. आणि झाकणाला भेग नको. आधी तपासू."

"तपासा की!" झिपरेशेठ म्हणाला. "खर्च माझा. उत्तर फक्त 'हो' आलं पाहिजे."

मग काय मजा, बाळांनो! हत्तींनी उड्या मारायच्या. धप्प! हादरा जमिनीत जायचा, खडकावर आपटून परत यायचा. सशांनी जमिनीला कान लावून तो ऐकायचा. हत्तींना जन्मभर सगळे "हळू चाला" म्हणत आले होते. आता खुद्द विद्यापीठ म्हणत होतं, "अजून जोरात!" म्हातारी हत्तीण मंदाकिनी तर गिरकी घेऊन उडी मारू लागली. ससे चेंडूसारखे उडाले आणि हवेतूनच ओरडले, "स्पंज आहे! स्पंज आहे!"

साळूबाईंनी सगळे आवाज जुळवून नकाशा काढला. स्पंज सापडला. झाकणही सापडलं. आनंदानं त्यांनी स्वतःच टुणकन उडी मारली. मग नकाशा पुन्हा पाहिला, आणि त्यांचे काटे उभे राहिले.

दरबारात त्या चाचरत म्हणाल्या, "झाकणाला एकच भेग आहे, महाराज. ती... आपल्या सिंहासनाखाली आहे."

"माझ्याखाली?" महाराज गुरगुरले. सगळा दरबार आपापल्या शेपट्या बघू लागला.

प्रधान मुंगूसराव खाकरले. "सरकवता येईल का?"

"सिंहासन?"

"छे, छे! भेग."

"अहो, खडकातली भेग कशी सरकवणार?"

"खडकातली कोण म्हणतंय, बाई? नकाशातली."

साळूबाई संतापून उठल्या. तेवढ्यात झिपरेशेठ त्यांच्या कानाशी पुटपुटला, "नव्या प्रयोगशाळेला तुमचंच नाव द्यायचं म्हणतोय."

बाईंचे काटे हळूहळू खाली बसले.

भेग आधी नदीखाली सरकवली. मगर खवळली. मग टेकडीखाली नेली. तिथं प्रधानांचं बीळ निघालं. शेवटी ती शेजारच्या जंगलात नेऊन ठेवली. तिथलं कुणी बैठकीला आलं नव्हतं.

मुहूर्ताला हत्तींनी सोंडेत धूर ओढून जमिनीतल्या भोकात फुंकला. फूऽऽऽ! आभाळ निळं झालं. पिल्लं चिवचिवली. माकडं एकमेकांच्या गळ्यात पडली. साळूबाईंना हुंदका फुटला. तो आनंदाचा की भीतीचा, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

महाराज स्वच्छ हवेवर भाषण करायला सिंहासनावर बसले. "माझ्या प्रिय प्रजाजनहो, आज आपण..."

भुस्सऽऽ!

सिंहासन महाराजांसकट वर उडालं आणि जांभळाच्या शेंड्याला अडकलं. खालून काळ्याकुट्ट धुराचे लोट निघाले.

साळूबाई झाडाकडे धावल्या. "महाराज, माझं चुकलं! भेग तिथंच होती! मी ती..."

"गप्प बसा!" महाराज वरून ओरडले. डोळ्यांवर पंजा धरून ते लांब पाहत होते. "इथून शेजारचं जंगल दिसतंय. तिथं धुराचा मागमूससुद्धा नाही!"

मुंगूसरावांनी टाळी वाजवली. "म्हणजे तिथली भेग पक्की बुजलेली आहे, महाराज! योजना यशस्वी!"

दरबारानं जयजयकार केला. साळूबाईंना तिथल्या तिथं 'खडकरत्न' पदवी जाहीर झाली. त्यांना "नको" म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं की नुसता खोकलाच येई. दरबारानं तो होकार धरला, आणि झिपरेशेठनं दुसरी भट्टी पेटवली.

तात्पर्य, नीट लक्षात ठेवा हं: बाळांनो, खूप शिका. जमिनीच्या पोटातलंही ओळखायला शिका. मात्र भेग सापडली की ती किती खोल आहे हे मोजत बसू नका. तिच्यावर कोण बसलंय तेवढं आधी पाहून घ्या.