दुसरा वाडगा

एका जंगलात, म्हणजे आपल्या नव्हे हं बाळांनो, भलत्याच एका जंगलात, बारकू नावाचा तरस राहायचा. कोणी मेलं की ओढून न्यायचं कोणी? बारकूनं. पाणवठ्यावर सगळ्यांत शेवटी प्यायचं कोणी? तेही बारकूनंच.

एकदा सातासमुद्रापलीकडून एक पाद्री मेंढा आला. लांब झगा, गोड गळा. म्हणाला, "आमचं चर्च जगभर आहे. आत आलात की सगळे एकाच कळपातली मेंढरं. सगळे एकाच वाडग्यातून पितात."

"एकाच?" बारकूनं तीनतीनदा विचारलं.

"एकाच रे बाबा!"

बारकूनं त्याच दिवशी तळ्यात बुडी मारली आणि मेंढरू झाला. पाठोपाठ हरणं आली, ससे आले, माकडंही आली. मिशनचा दवाखाना चांगला होता, खोटं कशाला बोला!

रविवारी द्राक्षरसाचा वाडगा फिरला. बारकूनं तोंड पुढे केलं.

"हां हां, थांब!" हरीणकाका ओरडले. "तू कोण?"

"मेंढरू."

"ते आम्हीही आहोत. मूळचा कोण?"

"तरस," बारकू पुटपुटला.

झालं! हरीणकाका सगळं गोत घेऊन दाराकडे निघाले. पाद्री घाबरला. कळप फुटला तर वरती कळवायचं काय? त्यानं मुकाट्यानं दुसरा वाडगा मागवला.

बारकूला रडूच कोसळलं. "पाद्रीबाबा, मी एवढ्यासाठीच आलो होतो हो!"

पुढच्या महिन्यात थोरले धर्मगुरू पाहणीला आले. दोन वाडगे पाहून हरखलेच.

"अहो, आमच्याकडे इतक्या वर्षांत एकच! तुम्ही तर आमच्या पुढे गेलात की!"

बारकूनं त्यांचा झगा धरला. "साहेब, तो दुसरा माझ्या एकट्याचा आहे."

"एकट्याचा?" थोरल्यांचे डोळे भरून आले. "नशीब काढलंस लेका! मला अजून स्वतःचा वाडगा नाही."

त्यांनी तिथल्या तिथे देशोदेशी पत्रं धाडली. प्रत्येक चर्चमध्ये यापुढे दोन वाडगे ठेवावेत.

बारकू त्या दिवशी न पिताच घरी गेला. त्याचा वाडगा भरलेलाच राहिला. उचलायला कोणी हात लावेना. शेवटी तो धुऊन ठेवायला बारकूलाच बोलावणं गेलं.

तात्पर्य: सगळे समान झाले की भांडी जास्त लागतात.